लून नदीवरचा न झालेला पूल

लून नदी टनब्रुक गावाच्या मधोमध वाहते आणि दरवर्षी बर्फ फुटायच्या दिवसांत एका गावाची दोन गावं करून टाकते. पश्चिम काठावर चर्च, दुकान, शाळा आणि डॉक्टर. पूर्व काठावर गाई, मेपलची झाडं आणि दिवस भरलेल्या बायका. ही वाटणी कुणी मुद्दाम केली नव्हती, पण डॉ. अल्फियस वॉडलींना हल्ली वाटायला लागलं होतं की कुणीतरी मुद्दामच केली असावी.

त्यांची थोरली लेक लव्हायना पूर्व काठावर दिली होती. दोन वर्षांपूर्वी ती अडली, ती नेमकी बर्फ फुटला त्या दिवशी. घराएवढ्या लाद्या एकमेकींच्या उरावर बसत चालल्या होत्या. होडी घालायची सोय नाही, चालत जायची तर नाहीच. डॉक्टर इकडच्या काठावर, लव्हायनाची शेजारीण तिकडच्या. ती घरात पळत जायची, परत यायची, हातवारे करायची, आणि डॉक्टर इकडून घसा फोडून सांगायचे. शेवटी त्यांनी चिमटे, औषधं, सगळं भरलेली कातडी बॅग गरागरा फिरवून पलीकडे भिरकावली. बॅग अर्ध्या वाटेपर्यंत छान गेली. मग एका लादीवर जाऊन बसली, अगदी ऐटीत, बग्गीत बसलेल्या गव्हर्नरासारखी, आणि वळणापलीकडे निघून गेली.

उन्हाळ्यात ती खालच्या जिल्ह्यातल्या मासे धरणाऱ्यांना सापडली. डॉक्टर आणायला गेले तर ते लोक त्या चिमट्यांनी चुलीवरचं पातेलं उतरवत होते. वर त्यांनाच विचारलं, "हे मुळात कशासाठी असतं हो?"

लव्हायना आणि तिचं बाळ तोवर पूर्वेच्या टेकाडावर एकाच खड्ड्यात होती.

तेव्हापासून डॉक्टरांच्या डोक्यात पूल शिरला. पुलाला पैसा हवा, पैशाला जमिनीवर कर हवा, कराला कायदा हवा आणि कायद्याला आमदार हवा. म्हणून डॉक्टर आमदारकीला उभे राहिले. टनब्रुकने त्यांना निवडून दिलं. ज्याने तुमचं गळू कापलंय त्याला तोंडावर नाही म्हणायला धीर लागतो.

ऑक्टोबरात ते राजधानीला निघाले, त्याच्या आदल्या दिवशी धाकटी लेक थर्झा सफरचंदांची टोपली घेऊन आली. तीही पूर्व काठावरच दिलेली, ओझ्रो पेकच्या घरी. टोपली टेबलावर ठेवत म्हणाली, "बाबा, एप्रिलमध्ये तुम्ही आजोबा होणार."

डॉक्टरांनी आनंदाने काही बोलायला तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, "एप्रिलमध्ये कशाला?"

"ते ओझ्रोला विचारा," थर्झा म्हणाली.

एप्रिल म्हणजे बर्फ फुटायचे दिवस. डॉक्टरांनी मनात हिशेब मांडला. आत्ता कायदा झाला तर गोठायच्या आत काठाकाठाने दगडी खांब उभे राहतील. मग नदी गोठली की बर्फावरच परांची बांधून लाकूडकाम. आपल्याकडे पूल असेच बांधतात. मार्चअखेर माणूस कोरड्या बुटाने पलीकडे जाईल. फक्त कायदा याच अधिवेशनात व्हायला हवा होता.

*

आड आला रूफस बिक्सबी.

बिक्सबी हा टनब्रुकचा नाववाला. त्याच्या घरातून दोन गावांची हद्द जाते. चूल टनब्रुकमध्ये, पलंग शेजारच्या मिलफोर्कमध्ये. तो म्हणायचा, "मी जिथे झोपतो तिथला रहिवासी," आणि त्या पलंगाच्या जोरावर तो मिलफोर्कचा आमदार झाला होता. नदीवर नाव चालवायचा परवाना त्याच्या बापापासूनचा. पूल झाला की नाव चुलीत घालायची.

राजधानीत दोघं एकाच खाणावळीत उतरले होते, गेलबाईंच्या. तिथे आमदारांना एका पलंगावर दोघं असं झोपवायचे. सगळीकडेच तसं होतं. राज्याचे निम्मे कायदे, कोण कोणाशेजारी झोपतो आणि कोण घोरतो, यावर ठरायचे. डॉक्टरांच्या वाट्याला आले होते डीकन जेबेझ होलकोम. डीकन म्हणजे त्यांच्या गावच्या चर्चमधले वडीलधारे मानकरी. गाव डोंगरात, इतकं लहान की तिथे मतदारांपेक्षा अस्वलं जास्त. पण पुलाच्या बाबतीत म्हातारा पक्का होता. बिक्सबीच्या बापाने एकदा नावेत त्याच्या मेंढ्यांना माणसांचा दर लावला होता, ते तो विसरला नव्हता.

"मेंढीला माणूस म्हणतो," डीकन रोज झोपताना म्हणायचे. "बायबलात तरी सापडतं का बघ असं कुठे."

बिक्सबी जेवणाच्या टेबलावर तंबाखू चघळत गोड गोड बोलायचा. "अल्फियस, माझी बायको इलेक्टासुद्धा म्हणते, पूल पाहिजे. तिला म्हटलं, बाई, पूल झाल्यावर खाशील काय, फळ्या?"

"इलेक्टाला तुझ्यापेक्षा जास्त कळतं," डॉक्टर म्हणाले.

"ते सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणून तर मत तिला नाही, मला आहे."

सभागृहात हा प्राणी शेगडीपाशी उभा राहून मत द्यायचा, कधी दारातून द्यायचा, कधी नुसता कुठल्यातरी खांबाआडून त्याचा 'नाही' यायचा. तो एका फेरीत दोनदा मत देतो असा डॉक्टरांना दाट संशय होता. म्हणून अधिवेशनाच्या पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी स्वतः उठून ठराव मांडला, की सदस्याने आपल्या ठरलेल्या जागेवरूनच, आपल्या तोंडाने, स्पष्ट 'हो' किंवा 'नाही' म्हणावं. नाहीतर मत धरू नये. ठराव पास झाला. बिक्सबीनेही टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांना त्यात काही खटकलं नाही. खटकायला हवं होतं.

वरच्या सभागृहाने पुलाला मंजुरी दिली. खालच्या सभागृहात डॉक्टरांनी एकेक आमदार पकडून, कुणाची दाढ बघून, कुणाची मूळव्याध ऐकून, मतं जमवली. शेवटी गणित असं बसलं, की सगळे आले तर पूल एका मताने पास. एक जरी कमी झालं तरी बरोबरी. आणि बरोबरी झाली तर निर्णय स्पीकर थेअर यांचा. थेअरसाहेबांच्या जमिनी त्याच कराखाली येत होत्या. ते काय म्हणणार, हे त्यांच्या घोड्यालाही माहीत होतं.

मतदान परवावर आलं आणि सकाळी डीकन पलंगात म्हणाले, "अल्फियस, तू बर्फासारखा गार पडलायस. मेलास की काय?"

डॉक्टरांनी त्यांच्या कपाळाला हात लावला. "मी बरा आहे, डीकन. तापलायत तुम्ही."

गेलबाई दारात कंदमुळांच्या सुपाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "याच पलंगावर गेल्या अधिवेशनात एक आमदार गेले. गादी मात्र मी उन्हात घातलीय हो, काळजी करू नका."

"जा तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

साधा ताप होता. आठवडाभर अंथरुणात, पातळ पेज, आणि पाऱ्याची पांढरी पूड चिमटीभर, इतकं पुरलं असतं. ती पूड तेव्हा प्रत्येक डॉक्टरच्या खिशात असायची. हिरड्या हुळहुळल्या, तोंडाला लाळ सुटली, की औषध लागू पडलं असं समजायचं. पण डॉक्टरांपाशी आठवडा नव्हता. परवा होता. त्यांनी चिमटीऐवजी चमचा घेतला. दुपारी आणखी एक दिला. दुसऱ्या दिवशी ताप तसाच होता, तेव्हा दुप्पट दिला.

"हे जरा जास्त नाही का?" डीकन बारीक आवाजात म्हणाले.

"तुम्हाला उद्या उभं राहायचंय ना?"

"उभं राहीन रे. पण हे लोखंडाच्या गजासारखं लागतंय तोंडाला."

"म्हणजे लागू पडतंय."

ती पूड डीकनसाठी होती की पुलासाठी, हे डॉक्टरांनी स्वतःला विचारलं नाही. विचारायला वेळ नव्हता, असं त्यांनी नंतर स्वतःला सांगितलं.

*

मतदानाच्या सकाळी ताप उतरला होता. डीकनांचं कपाळ गार, डोळे स्वच्छ. डॉक्टरांना देव आठवला. "डीकन, काय म्हणता?"

डीकनांनी तोंड उघडलं. आतून जीभ बाहेर आली आणि परत गेली नाही. सुजून ती बुटाच्या टाचेएवढी झाली होती. ओठाच्या दोन्ही कडांनी लाळ वाहत होती.

"अंऽऽ," डीकन म्हणाले.

"हो म्हणा."

"अंऽऽ."

"नुसतं हो म्हणा, डीकन. एकच अक्षर आहे."

डीकनांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना म्हणायचं होतं. कितीतरी वर्षं त्यांना तेच एक अक्षर बिक्सबीच्या तोंडावर म्हणायचं होतं.

डॉक्टरांनी तुरटीच्या गुळण्या दिल्या, व्हिनेगर लावलं, बर्फ दाबला. जीभ आणखी ऐटीत बसली. मग त्यांनी गेलबाईंची झुलती खुर्ची मागितली.

"माझी खुर्ची विधानसभेत?" गेलबाई म्हणाल्या. "तिथे किती थुंकतात माहितीय तुम्हाला?"

पण दिली. डॉक्टरांनी डीकनांना रजईत गुंडाळून, कपडे वाळत घालायच्या दोरीने खुर्चीला बांधलं. पुलाच्या बाजूचे दोन धट्टेकट्टे आमदार खांद्याला लागले, आणि मिरवणूक निघाली. खुर्ची झुलती असल्याने दर पावलाला डीकन मागेपुढे डुलायचे. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, म्हातारा सगळ्यांना मान लववून नमस्कार करतोय. लोकांनीही टोप्या काढल्या. एकाने तर विचारलं, हे पुढच्या वर्षी गव्हर्नरला उभे आहेत का.

सभागृहात जागा चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या. डीकनांची जागा खिडकीच्या टोकाला, डॉक्टरांची अगदी विरुद्ध, दारापाशी. डीकनांना खुर्चीसकट त्यांच्या जागेवर ठेवलं. बिक्सबी येऊन वाकून बघून गेला.

"काय डीकन, आज जीभ दाखवताय मला?" तो म्हणाला. मग डॉक्टरांकडे वळून हळूच म्हणाला, "अल्फियस, काय केलंस रे या म्हाताऱ्याचं?"

त्याच्या आवाजात त्या वेळी चेष्टा नव्हती. डॉक्टरांना तेच सहन झालं नाही.

कारकुनाने इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे नावं पुकारायला सुरुवात केली. हो, नाही, नाही, हो. बिक्सबी आपल्या जागेवर ताठ उभा राहून, शाळेतल्या पोरासारखा हात मांडीला लावून म्हणाला, "नाही."

"होलकोम."

"अंऽऽ," डीकन म्हणाले, आणि मान हलवली. खुर्ची झुलती होती, त्यामुळे मान नक्की कशी हलली ते कुणालाच कळलं नाही.

"सदस्य नाही म्हणाले," बिक्सबीच्या बाजूचा एक जण म्हणाला.

"हो म्हणाले," दुसरा म्हणाला.

स्पीकर थेअर चष्मा पुसत म्हणाले, "सदस्य काहीच म्हणाले नाहीत. नियम स्पष्ट आहे. तोंडाने, स्पष्ट. पण ते आजारी आहेत. शेवटचं नाव पुकारून होईपर्यंत मी त्यांना वेळ देतो. पुढे."

पुढे म्हणजे होलकोमपासून अक्षरमालेच्या शेवटापर्यंत. डॉक्टर खिडकीकडे धावले. खिशातून चाकू काढला, ज्याने ते गळवं कापत. असल्या जिभेवर उभे दोन चिरे दिले की रक्त जातं आणि सूज झटकन उतरते. पुस्तकात तसं होतं. विधानसभेत करावं असं पुस्तकात नव्हतं.

"डीकन, दुखेल."

डीकनांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी रुमालात जीभ धरली, बाहेर ओढली आणि चिरलं.

शेजारच्या बाकावरचे आमदार उठून उभे राहिले. एक जण बेशुद्ध पडला. त्याचं मत आधीच झालेलं होतं, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. कारकून मान वर न करता पुकारत होता. नावं मागे पडत होती. रुमाल लाल झाला, मग डॉक्टरांची बाही लाल झाली. पण बोटांखाली ती जीभ सैल पडायला लागली होती. खरंच लागली होती. डॉक्टरांना पूल दिसला. नव्या लाकडाच्या वासासकट दिसला.

"वॉडली," कारकून म्हणाला.

डॉक्टरांनी जीभ न सोडता मान वळवली. सोडली असती तर रक्त म्हाताऱ्याच्या घशात गेलं असतं. "हो," ते ओरडले.

बिक्सबी उठला. उठताना त्याने एकदा छताकडे बघितलं. म्हणाला, "स्पीकरसाहेब, सदस्य आपल्या जागेवर नाहीत."

"नाहीत खरे," थेअर म्हणाले. "डॉक्टर, नियम तुमचाच आहे. शेवटचं नाव व्हायच्या आत जागेवर जा, मी धरीन मत."

डॉक्टरांनी डीकनांचं डोकं पुढे वाकवलं, म्हणजे रक्त बाहेर वाहील, आणि जीभ सोडली. सुटल्या सुटल्या ती बोलली. लाल, फाटकी, पण साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी.

"हो," डीकन म्हणाले. आणि मग, कुणी विचारलं नसताना, "मेंढी माणूस नाही."

त्यांचं मत धरलं गेलं. डॉक्टर धावत सुटले. पहिल्याच पावलाला त्यांचा पाय त्या कपडे वाळत घालायच्या दोरीत अडकला, जी त्यांनीच सकाळी बांधली होती आणि जिचं लांबलचक शेपूट वाटेत लोळत होतं. ते पडले. मागे खुर्ची पडली, खुर्चीत डीकन पडले. डॉक्टर उठले, थुंकदाणीला धडकले, थुंकदाणी घरंगळत शेगडीपर्यंत गेली. ते गुडघ्यांवर, हातांवर, जमेल तसे बाकांमधून सरकत राहिले. त्यांचा हात त्यांच्या बाकाला लागला तेव्हा शेवटचा आमदार, यॉ नावाचा, 'नाही' म्हणून खाली बसला होता आणि हातोडा पडला होता.

बरोबरी. स्पीकर थेअर यांनी दुःखी चेहऱ्याने 'नाही' म्हटलं.

डीकन वाचले. दात तेवढे एकेक करून गळाले. बरेच नव्हतेच मुळात. गावी जाताना डॉक्टरांचा हात धरून, नव्या बोबड्या उच्चारात म्हणाले, "अल्फियस, मी माझं काम केलं रे." डॉक्टरांना त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.

*

हिवाळा नेहमीसारखा आला. नदी गोठली. बर्फावर कुणी परांची बांधली नाही. पोरं त्यावर घसरगुंडी खेळली.

डॉक्टर दर आठवड्याला बर्फावरून चालत थर्झाकडे जायचे आणि तेच म्हणायचे. "माझ्याकडे येऊन राहा. मार्च संपायच्या आत."

"सासूबाई अंथरुणात आहेत, बाबा. आणि मेपलला पाझर फुटायची वेळ तीच. रस उकळायला चोवीस तास माणूस लागतं. ओझ्रो एकटा काय काय बघेल?"

"साखर महत्त्वाची की जीव?"

"वर्षभर जगायचं त्या साखरेवर. आणि तुम्ही राजधानीत लोकांच्या जिभा कापत फिरता म्हणे. तुमच्याकडे येऊन राहायची भीती वाटते." ती हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "मी नाही येत. तुम्हीच या की इकडे."

पश्चिम काठावर दुसरा डॉक्टर नव्हता. आठ मैलांत नव्हता. पण त्या दिवशी परत येताना डॉक्टर नदीच्या मध्यावर थांबले, बुटाखालच्या बर्फाकडे बघत, आणि घरी पोचेपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

मार्चअखेरच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, दारातच त्यांनी लोकांना सांगितलं. बर्फ फुटून नदी मोकळी होईपर्यंत मी पलीकडे. लोकांनी आपापल्या पायांकडे बघितलं. दुकानदार म्हणाला, "म्हणजे आम्ही आजारी पडायचं नाही?"

"पडू नका," डॉक्टर म्हणाले.

"माझ्या बायकोचा दमा कॅलेंडर बघून येत नाही, डॉक्टर."

तेव्हा गर्दीतून इलेक्टा बिक्सबी पुढे आली. उंच, हाडापेराची बाई, हाताला लाकडं फोडून घट्टे पडलेले. नवरा तिच्यामागे टोपी कुरवाळत उभा. ती म्हणाली, "जाऊ द्या त्यांना. एक लेक गेली त्यांची, ते इकडच्या काठावर उभे असताना. जा हो डॉक्टर. मी असते तर मीसुद्धा गेले असते." आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "पूल असता तर विचारायची वेळ आली नसती."

बिक्सबीने डॉक्टरांची बॅग घोडागाडीत ठेवली, एवढंच केलं.

*

बर्फ फुटला तेव्हा तोफा डागल्यासारखा आवाज झाला. दोन दिवसांनी, उन्हं वर आल्यावर, थर्झाला कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी पाणी ठेवलं, चिमटे ठेवले, बाह्या वर केल्या. सगळं जागच्या जागी होतं. मग ओझ्रो साखरेच्या झोपडीकडून पळत आला. म्हणाला, "पलीकडे कुणीतरी ओरडतंय."

डॉक्टर काठावर गेले. पलीकडे बिक्सबी होता. अंगात कोट नाही, सदरा छातीपासून खाली लाल. त्याच्या शेजारी तुटलेला दोर लोंबत होता. त्याने नाव घालायचा प्रयत्न केला होता. नाव दूर वळणावर लाद्यांमध्ये उलटी होऊन चालली होती.

"अल्फियस," तो ओरडला. "इलेक्टाच्या पायावर कुऱ्हाड बसली. लाकडं फोडताना. रक्त थांबत नाही."

"कुठे?"

बिक्सबीने स्वतःच्या मांडीवर, गुडघ्याच्या वर, आतल्या अंगाला हात ठेवला. हा काही ताप नव्हता, कोडं नव्हतं. ही एवढी एकच गोष्ट होती जी डॉक्टर वॉडली डोळे मिटून करू शकत होते. शीर धरायची, बांधायची, झालं.

"कोण आहे तिच्यापाशी?"

"गडी दाबून बसलाय."

"नुसतं दाबून नाही थांबायचं. बघ माझ्याकडे. बघ."

आवाज नदी अर्धा खात होती. डॉक्टरांनी कमरेचा पट्टा सोडला, आपल्याच मांडीला जखमेच्या वरच्या बाजूला गुंडाळला, खालून एक काठी उचलली, पट्ट्यात खुपसली आणि पिळायला लागले. पँट घसरली. त्यांनी एका हाताने पँट धरली, दुसऱ्याने काठी पिळली, आणि एका पायावर उड्या मारत वळून दाखवलं, मागून कसं, पुढून कसं. पलीकडे बिक्सबीनेही पट्टा सोडला. त्याचीही घसरली. पन्नाशी उलटलेले दोन आमदार, दोन काठांवर, गुडघ्यापर्यंत उघडे, एकमेकांकडे बघून उड्या मारत होते. मधून लाद्या कडाकडा मोडत चालल्या होत्या.

"आणखी घट्ट," डॉक्टर ओरडले. "तिला दुखलं पाहिजे. ओरडली पाहिजे."

"ती ओरडत नाहीय रे," बिक्सबी म्हणाला.

"जा. पळ. पीळ जाऊन."

तो वळला, पँट धरून, चिखलातून पडत उठत पळाला. डॉक्टर बघत राहिले. आत्ता इथून तिथे चालत जायला किती वेळ लागला असता, ते त्यांना पक्कं माहीत होतं. आणि मागून, घरातून, थर्झाची किंकाळी आली. तशीच, जशी त्यांनी दोन वर्षांपूर्वी नदीच्या आवाजात ऐकली होती, की ऐकल्यासारखी वाटली होती. डॉक्टर वळले आणि घराकडे धावले.

मूल आडवं नव्हतं, पण अडलं होतं. चिमटे लागले. या वेळी ते हाताशी होते. डॉक्टरांनी एकदाही पाऱ्याच्या पुडीकडे हात नेला नाही. दुपार कलता कलता मुलगी झाली. निळी होती, मग लाल झाली, मग रडली. थर्झा घामाने निथळत म्हणाली, "बाबा, तुम्ही लंगडताय का?"

"नाही."

"लंगडताय."

त्यांनी ऐकलं नाही. नातीला ओझ्रोच्या हातात दिलं आणि काठाकडे निघाले. चालताना डावा पाय ओंडक्यासारखा लागत होता. मनात ते शब्द जुळवत होते. मुलगी झाली, थर्झा सुखरूप आहे. हे बिक्सबीला आधी सांगायचं की इलेक्टाचं आधी विचारायचं.

बिक्सबी पलीकडे नावेच्या ओट्यावर बसला होता. डॉक्टरांना बघून तो उभा राहिला. त्याने टोपी काढली आणि छातीशी धरली.

डॉक्टरांनीही टोपी काढायला हात वर नेला. टोपी नव्हतीच. ती सकाळी उड्या मारताना नदीत गेली असावी. हात रिकामाच डोक्यावर राहिला.

मग बिक्सबी काहीतरी बोलला. ओठ हलले. पुढच्या अधिवेशनाचं असेल, पुलाचं असेल, किंवा शिवी असेल. नदी ते घेऊन गेली. डॉक्टरांनी कानाला हात लावला नाही, परत बोल असंही खुणावलं नाही.

तो घराकडे वळला तेव्हा डॉक्टर खाली बसले. पाय आता मुळीच जाणवत नव्हता. त्यांनी बघितलं, तर पट्टा सकाळपासून मांडीला तसाच आवळलेला होता, काठीसकट, अगदी जिथे हवा तिथे, जितका हवा तितका घट्ट. त्यांनी काठी उलटी फिरवून तो सोडला. पायात मुंग्या आल्या, मग आग. त्यांनी पाय दोन्ही हातांनी धरला आणि रक्त परत येईपर्यंत तिथेच बसून राहिले.